व्यायामानंतर मांड्या भरून आल्यात? बर्फ असा लावा

फ्रीजरमधली जेल पिशवी थेट कातडीवर ठेवू नका. ती शून्याच्या बरीच खाली असते, त्वचा पोळते. त्यापेक्षा झिपच्या पिशवीत बर्फाचा चुरा नि अर्धा कप पाणी घाला, हवा काढून टाका. वितळता बर्फ शून्य अंशाच्या आसपासच राहतो, शिवाय पिशवी स्नायूवर नीट बसते. मध्ये ओलसर पंचा, वेळ 15 मिनिटं. पुन्हा लावायचा तर दोनेक तासांनी. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, खाली हाडाचा उंचवटा लागतो तिथे घट्ट बांधू नका: नस अगदी वरवर असते, पाऊल बधिर होतं. बर्फानं ठणका कमी होतो, एवढंच. आणि स्नायू वाढवायचेत ना? मग वजनं उचलल्यावर दरवेळी थंडगार पाण्यात बसू नका, वाढ मंदावते.