देशाचं हवामान-वचन वर्गात कसं वाचावं

मी चंद्रपुरात अकरावी-बारावीला भूगोल शिकवते. भारताच्या स्थापित वीजक्षमतेतला निम्मा वाटा आता कोळसा, गॅस, डिझेल यांच्याशिवायचा झाला, अशी बातमी जुलै 2025 मध्ये आली. दुसऱ्याच दिवशी एका मुलीने विचारलं, “मॅडम, निम्मी वीज कोळशाशिवाय होते, मग आपल्याकडचा धूर कमी का नाही झाला?” पुस्तकात याचं उत्तर नव्हतं, म्हणून मी भारताने हवामानबदलाबाबत संयुक्त राष्ट्रांकडे दिलेलं मूळ वचनच वर्गात आणलं. तेव्हापासून हा धडा घेते. तुम्हालाही घ्यायचा असेल तर असा घ्या.

आधी कागद मिळवा, बातमी नव्हे. हवामानबदल रोखण्यासाठीच्या पॅरिस कराराप्रमाणे प्रत्येक देश दर पाच वर्षांनी आपलं ‘राष्ट्रीय निर्धारित योगदान’ सादर करतो. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला एनडीसी म्हणतात, आणि सगळ्या देशांचे एनडीसी हवामान कराराच्या बॉनमधल्या सचिवालयाच्या नोंदवहीत कुणालाही वाचता येतात. भारताने करार 2 ऑक्टोबर 2016 रोजी, गांधी जयंतीला, मंजूर केला. पहिलं वचन 2015 चं, सुधारित ऑगस्ट 2022 चं. सुधारित वचनात आठच मुद्दे आहेत, एका तासात वाचून होतात.

मग पेन्सिल घ्या आणि प्रत्येक आकड्याभोवती चार गोष्टी शोधा: कुठल्या वर्षाशी तुलना, कुठल्या वर्षापर्यंत, कशाची मोजणी, आणि कुठली अट. मोजणी कशाची, इथे सगळ्यात जास्त गफलत होते, म्हणून तिथे घाई करू नका.

पहिलं वाक्य घ्या: 2030 पर्यंत जीडीपीची, म्हणजे देशाच्या एकूण उत्पन्नाची, उत्सर्जन तीव्रता 2005 च्या तुलनेत 45 टक्क्यांनी कमी करणार. मुलं लगेच लिहितात, “प्रदूषण 45 टक्क्यांनी घटणार.” तसं नाही. तीव्रता म्हणजे देशाने कमावलेल्या प्रत्येक रुपयामागे किती वायू हवेत गेला ते. फळ्यावर गणित घाला: अर्थव्यवस्था तिप्पट झाली आणि तीव्रता 45 टक्के उतरली, तर एकूण उत्सर्जन 3 गुणिले 0.55, म्हणजे 1.65 पट. वचन पाळलं गेलं, तरी उत्सर्जन वाढलं. हे गणित मुलांना स्वतः करू द्या. आणि लगेच दुसरी बाजूही सांगा: भारताचं माणशी उत्सर्जन जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी आहे, लाखो घरांना अजून वीज, रस्ते, रोजगार हवे आहेत. म्हणून हे माप निवडलं गेलं आणि मला ते रास्त वाटतं. पण जे माप आहे ते नेमकं सांगायला हवं.

दुसरं वाक्य आमच्या गावाचं. 2030 पर्यंत एकूण स्थापित वीजक्षमतेपैकी 50 टक्के बिगर-जीवाश्म स्रोतांची. इथे मी गोठा काढते. पाच म्हशी आणि पाच शेळ्या असल्या तर निम्मी जनावरं शेळ्या, पण निम्मं दूध शेळ्यांचं नसतं. जनावरं म्हणजे क्षमता, दूध म्हणजे प्रत्यक्ष तयार झालेली वीज. सौर पॅनेल उन्हातच वीज देतात. आमचं 2,920 मेगावॉटचं औष्णिक केंद्र रात्रीही चालतं. त्यामुळे जून 2025 मध्ये क्षमता निम्मी झाली, ठरल्यापेक्षा पाच वर्षं आधी, आणि तरीही देशात तयार होणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा साधारण पाऊण राहिला. त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर हेच. ‘बिगर-जीवाश्म’ या शब्दात कोयनेचं पाणी आणि तारापूरची अणुवीजही मोजली जाते, हे नकाशावर बोट ठेवून दाखवा.

तिसरं वाक्य जंगलाचं: अडीच ते तीन अब्ज टन कार्बन डायऑक्साइड शोषणारी जादा वनं आणि वृक्षाच्छादन. 2015 च्या वचनात ‘जादा’ कुठल्या वर्षापासून, हे लिहिलेलंच नव्हतं. पुढे सरकारने 2005 पासून मोजून 2021 पर्यंत 2.29 अब्ज टन झाल्याचं कळवलं. ताडोबाच्या शेजारी राहणाऱ्या मुलांना हेही कळायला हवं, की अधिकृत व्याख्येत एक हेक्टरहून मोठी आणि दहा टक्क्यांहून दाट अशी झाडी ‘वनाच्छादन’ ठरते, मग ती आमराई का असेना.

आता भाषण आणि कागद शेजारी ठेवा. नोव्हेंबर 2021 मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत पंतप्रधानांनी पाच घोषणा केल्या. 500 गिगावॉट बिगर-जीवाश्म क्षमता आणि उत्सर्जनात एक अब्ज टन घट या दोन आकड्यांची वचने 2022 च्या कागदात नाहीत. ‘ऊर्जेच्या निम्म्या गरजा’ ही घोषणा कागदात ‘निम्मी वीजक्षमता’ झाली. 2070 चं निव्वळ शून्य, म्हणजे जेवढा वायू सोडू तेवढाच शोषून घेणं, दूरचं ध्येय म्हणून आलं. मुलांना दोन रंगांनी खुणा करायला सांगा.

अट मात्र विसरू नका, कारण सहकार्य तिथेच आहे. वीजक्षमतेच्या वाक्यातच तंत्रज्ञान हस्तांतरण आणि स्वस्त आंतरराष्ट्रीय अर्थसाहाय्य यांची मदत धरलेली आहे. श्रीमंत देशांनी 2020 पर्यंत वर्षाला 100 अब्ज डॉलर देण्याचा शब्द 2009 मध्ये कोपनहेगनच्या हवामान परिषदेत दिला. तो 2022 मध्ये पुरा झाला. 2024 मध्ये बाकूच्या परिषदेत 2035 पर्यंत वर्षाला 300 अब्ज डॉलर ठरले. विकसनशील देशांची मागणी 1,300 अब्जांची होती आणि भारताने सभागृहातच आक्षेप नोंदवला. हा राग मला खरा वाटतो, वर्गातही मी तो लपवत नाही.

“शब्द मोडला तर शिक्षा काय?” हा प्रश्न येतोच. दंड नाही. एनडीसी देणं बंधनकारक आहे, गाठणं नाही. अमेरिका 2020 मध्ये करारातून बाहेर पडली, 2021 मध्ये परतली आणि 2025 मध्ये पुन्हा बाहेर पडण्याचा आदेश निघाला. बाकीच्यांनी आपापले अहवाल देत राहायचं, ते सगळ्यांनी तपासायचे, आणि नवं वचन जुन्याहून पुढचं असायचं, एवढ्यावर सगळं उभं आहे.

म्हणून शेवटचा तास पडताळणीचा. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे महिन्याचे आकडे घ्या, क्षमता आणि निर्मिती वेगवेगळ्या रकान्यांत मांडा. डिसेंबर 2024 च्या भारताच्या द्वैवार्षिक अहवालात तीव्रता 2005 ते 2020 मध्ये 36 टक्के उतरल्याचं दिलंय, ते 45 शेजारी लिहा. उरलेल्या शंकांसाठी माहिती अधिकाराचा अर्ज, शुल्क दहा रुपये. मत मागू नका, नोंद मागा, वर्ष आणि एकक लिहून. आमच्या वर्गाने मसुद्यात पहिला प्रश्न असा लिहिलाय: चंद्रपूर केंद्राचे कोणते संच कोणत्या वर्षी बंद करण्याचं ठरलंय, आणि तिथल्या कायम आणि कंत्राटी कामगारांसाठी काय तरतूद केलीय?