शाळेच्या घंटेआधी एक चित्र

ए.टी.डी. (कलाशिक्षकाची पदविका) करून शाळेत लागलं की पहिल्या दोन वर्षांतच स्वतःचा ब्रश वाळतो. माझाही वाळला होता. फलकलेखन, गॅदरिंगचा पडदा, पाहुण्यांच्या स्वागताची रांगोळी, सगळं 'ड्रॉइंगचे सर आहेत ना' म्हणत आपल्याच गळ्यात येतं. संध्याकाळी घरी जाऊन रंगवू, हे विसरा. सकाळीच रंगवा.

मी वाईत राहतो, शाळा अकराची. साडेसातला मेणवलीच्या घाटावर, नाना फडणवीसांच्या वाड्यामागे बसतो. सामान एका पिशवीतलं: जलरंगांसाठीचा जाड, ३०० जीएसएमचा ११ बाय १५ इंची कागद हार्डबोर्डवर टेपने चिकटवलेला, १२ नंबरचा गोल ब्रश, पाण्याचे दोन डबे, जुन्या बनियनचा तुकडा. इझल, म्हणजे चित्र टेकवायची घोडी, नको. ते उभं केलं की गर्दी जमते.

नवी जागाही शोधत बसू नका. कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान कोटितीर्थ तळ्याच्या काठी राहून तेच पाणी पुन्हा पुन्हा रंगवत राहिले. आपल्याला एक घाट पुरे.

आधी सावलीची कड पेन्सिलीने आखून टाका. ऊन सरकतं, आणि आपण सावलीमागे धावलो की चित्रात दोन सूर्य उगवतात. घाटाचा दगड काळा दिसतो म्हणून काळी ट्यूब उघडायची नाही. बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी आणि अल्ट्रामरीन हा गडद निळा, हे दोन घ्या. उन्हातल्या पायरीला सिएना जास्त नि पाणी भरपूर, सावलीत अल्ट्रामरीन जास्त. दोन्ही रंग पॅलेटमध्ये घोटू नका, ओल्या कागदावरच एकमेकांत उतरू द्या. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि दगडाचा खरखरीतपणा आयता मिळतो. मग हात आवरा. बोटांची मागची बाजू कागदाला हलकेच लावून बघा. गार लागला तर अजून ओल आहे. तेवढ्यात मी वह्या तपासतो.

अर्धवट चित्र बिनधास्त वर्गात न्या. सरही चुकतात हे मुलांना कळू दे. पण मुलाच्या कागदावर आपली पेन्सिल चालवू नका. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेच्या स्थिरचित्राचा सराव चालला होता, तेव्हा एका मुलीचा तांब्या मी तिच्याच कागदावर सरळ केला. मी वळलो तशी तिने माझी रेघ खोडली आणि आपला वाकडा तांब्या परत काढला. बरोबर होतं तिचं. तेव्हापासून खिशात रद्दी कागदाच्या पट्ट्या ठेवतो, काय दाखवायचं ते पट्टीवर.

प्रदर्शनाची घाई नको, फ्रेमिंगलाच पगार जातो. मागे तारीख आणि वेळ मात्र लिहा.

टेप घाटावर काढू नका, ओलसर कागद सोलून येतो. वर्गात, पूर्ण वाळल्यावर, चित्रापासून बाहेरच्या बाजूला तिरकी ओढत काढायची. आमच्या आठवीत ती कोण ओढणार याचे नंबर लागलेत, हजेरीच्या क्रमाने.