गावच्या पाझर तलावाचा उपयोग आणि पावसाळ्यातली राखण

१९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतर रोजगार हमीच्या कामांतून बांधलेले मातीचे पाझर तलाव आजही महाराष्ट्रातल्या अनेक गावांच्या विहिरी जगवतात. अशा तलावातून बहुधा कालवा निघत नाही. साठलेले पाणी जमिनीत मुरावे आणि खालच्या अंगाच्या विहिरींना हरभरा-गव्हाच्या पाळ्यांपर्यंत पाणी राहावे, हा त्याचा मुख्य उपयोग असून जनावरांचे पिणे आणि मत्स्यपालन त्यासोबत येते. गाळ बसला की मुरण मंदावते, म्हणून तळ उघडा पडल्यावर गाळ काढून शेतात पसरावा. मात्र भरावाच्या, म्हणजे पाणी अडवणाऱ्या मातीच्या बांधाच्या, पायथ्यालगत मुळीच खोदू नये.

मातीच्या धरणाचा खरा रक्षक सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर काढून देणारी वाट, आहे. पाणी माथ्यावरून वाहू लागले की भरावाची माती भराभर वाहून जाते आणि मग तो वाचवणे माणसाच्या हाती फारसे राहत नाही. म्हणून जास्त पाणी अडावे यासाठी सांडव्यावर वाळूची पोती रचणे किंवा मासे जाऊ नयेत यासाठी जाळी बांधणे, ही सोयीची वाटणारी पद्धत गावाने ठरवून बंद केली पाहिजे. जाळीत पालापाचोळा अडकला की एका रात्रीच्या पावसात सांडवा तुंबतो. मे महिन्यातच झुडपे तोडून आणि गाळ उपसून सांडव्याची पूर्ण रुंदी मोकळी करावी, आणि माथा खचला असेल तिथे मुरूम टाकून, पाणी मारून, थराथराने धुमस करावी, म्हणजे ठोकून घट्ट करावे.

भरावावर गवत हवे, झाडे नकोत. बाभळीची रोपे लहान असतानाच उपटावीत, कारण मोठ्या झाडाची मुळे कुजल्यावर आत पोकळ वाट राहते. उंदरांची आणि खेकड्यांची बिळेही भरून घ्यावीत.

तलाव भरल्यावर रोज खालच्या बाजूने पायथ्याशी चालत जावे. थोडा पाझर असतोच. पाहायचा तो त्याचा रंग. पाझराचे पाणी काचेच्या बाटलीत भरून उजेडात धरावे आणि थोडा वेळ स्थिर ठेवावे. ते नितळ असेल आणि धार रोज सारखीच असेल तर नोंद पुरे; पण गढूळ असेल, तळाशी माती बसत असेल किंवा धार वाढत असेल, तर भराव आतून पोखरला जात आहे असेच समजावे. अशा जागी चिकणमाती ठासून तोंड बंद करू नये, कारण कोंडलेले पाणी दुसरीकडून फुटते. त्यावर आधी वाळू, मग खडी आणि वर दगड असा थर द्यावा, म्हणजे पाणी निघून जाते आणि माती मागे राहते. हा तात्पुरता उपाय आहे. तो करतानाच तलाठी आणि जलसंधारण विभागाच्या अभियंत्याला कळवावे.

चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले आणि माणसांचे जीव गेले. म्हणून गढूळ धार दिसली, माथ्याला लांब तडा गेला किंवा उतार घसरला, तर अंधार पडण्याची वाट न पाहता ओढ्याकाठची घरे रिकामी करावीत आणि जनावरांची दावी सोडावीत.