व्हीसीआर प्लसचे क्रमांक कसे उलगडावेत

जेमस्टार कंपनीने 1990 साली अमेरिकेत आणलेल्या ‘व्हीसीआर प्लस’ पद्धतीत वर्तमानपत्रातील टीव्ही कार्यक्रमांशेजारी एक ते आठ अंकी क्रमांक छापले जात. त्या एका क्रमांकावरून वाहिनी, तारीख, वेळ आणि कालावधी रेकॉर्डरला, म्हणजे टीव्ही कार्यक्रम टेपवर उतरवून ठेवणाऱ्या व्हीसीआरला, समजे. केन शिरिफ, कर्ट वेल्च आणि अँड्र्यू किन्समन यांनी सहा अंकांपर्यंतच्या क्रमांकांची उकल जुलै 1992 मध्ये ‘क्रिप्टोलॉजिया’ या गुप्तलेखनशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. जुन्या वर्तमानपत्रांतील कार्यक्रमपत्रिका हाताशी असतील, तर ती वाट आजही स्वतः चालून पाहता येते.

प्रथम एकाच महिन्यातील नोंदी जमवाव्यात आणि वाहिनी, वेळ व कालावधी तेच ठेवून फक्त तारीख बदलणारे क्रमांक वेगळे काढावेत. एका वेळी एकच घटक बदलू देण्याची ही शिस्त मोडली, तर पुढचे सारे श्रम वाया जातात. क्रमांकांतील फरक नेहमीच्या वजाबाकीने काढल्यास काहीच हाती लागत नाही, कारण येथे अंक हातचा न धरता मिसळलेले असतात. या गणितात 47 आणि 85 यांची बेरीज 132 नव्हे, तर 22 होते. प्रत्येक स्थानाचा हिशेब असा स्वतंत्रपणे केला, की मिसळणीचा नियम दिसू लागतो आणि ती उलटी फिरवता येते.

मिसळण काढल्यानंतरचे शेवटचे तीन अंक मला या साऱ्या रचनेतील सर्वांत सुंदर भाग वाटतात. त्यांतून 1 वजा करून 32 ने भागावे; भागाकारात 1 मिळवल्यास तारीख मिळते. उदाहरणार्थ, 430 असल्यास 429 ला 32 ने भागून भागाकार 13 आणि बाकीही 13 येते, म्हणजे तारीख 14. एकतीस दिवसांना प्रत्येकी 32 जागा दिल्या, तर 992 होतात आणि सगळा महिना तीन अंकांत मावतो.

या भागाकारातील बाकी मात्र तारीख व महिन्यानुसार सरकवलेली असते, म्हणून वेगवेगळ्या महिन्यांच्या नोंदी तुलनेला घ्याव्यात. ते सरकणे दुरुस्त करून बाकी आणि शेवटच्या तिनांआधीचे अंक द्विमान (फक्त 0 आणि 1 वापरणाऱ्या) पद्धतीत मांडल्यावर, एकमेकांत गुंफलेले वाहिनीचे आणि वेळेचे बिट सुटे करता येतात. वेळेचा आकडा म्हणजे सुरुवात आणि कालावधी यांच्या जोड्यांच्या कोष्टकातील स्थान असते. नेहमीच्या वेळा त्यात आधी येतात, म्हणून लोकप्रिय कार्यक्रमांचे क्रमांक लहान असतात. हे कोष्टक नोंदींवरूनच भरावे लागते, आणि ते बरोबर आहे की नाही हे, आधी न वापरलेल्या दिवसाचे क्रमांक स्वतः काढून छापील क्रमांकांशी ताडूनच ठरवावे.