अर्थसंकल्पात आपला रस्ता कसा शोधायचा

मी तालुक्याच्या गावी झेरॉक्सचं दुकान चालवतो. मार्च आला की कुणीतरी येतंच, "दादा, आमचा पूल बजेटमध्ये आलाय म्हणे, पान काढून द्या."

भाषण वाचू नका, त्यात कविता असतात. राज्याच्या वित्त विभागाच्या संकेतस्थळावरून सार्वजनिक बांधकामचं पुस्तक उतरवा आणि लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाच्या प्रकाराचा चार आकडी क्रमांक, बघा. 5054 म्हणजे रस्ते-पुलांचा भांडवली खर्च, नवं काम. 3054 म्हणजे डागडुजी, खड्डे बुजवणं. आणि गावातल्या पुढाऱ्याच्या तोंडी असतं ते 'पंचवीस-पंधरा', म्हणजे 2515. ते ग्रामविकासचं, आमदारांनी सुचवलेली गावातली कामं बहुतेक त्यातूनच होतात. कुठल्या गावाला मिळालं ते पाहिलं, की कोण कोणाच्या गटात तेही कळतं.

आता आकडा. गेल्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज, पुढच्या वर्षाचा अंदाज, असे रकाने असतात. मूळ अंदाजापेक्षा सुधारित घसरला असेल तर समजा, पैसा कापला गेला किंवा दुसरीकडे वळला. आकडे हजारांत की लाखांत, ते पानाच्या डोक्यावर बघा. मी एकदा इथंच फसलो आणि गिऱ्हाइकाला पेढे वाटायला लावले.

पुलासमोर नुसती हजार रुपयांची तरतूद दिसली तर तीही पेढ्यांची नव्हे. ती लाक्षणिक, नाव यादीत राहावं म्हणून. खरी रक्कम आली तर बहुधा पुरवणी मागण्यांत येते, म्हणजे सरकार वर्षाच्या मध्येच विधिमंडळाकडे मागतं त्या जादा खर्चात. जुलै 2024 मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, त्या 94 हजार कोटींवर गेल्या होत्या. म्हणून पावसाळी आणि हिवाळी अधिवेशनाची पुस्तकंही उतरवून ठेवा.