गमतीचं गॅझेट घरी कसं पारखावं : ठेवायचं की परत पाठवायचं

गळ्यात अडकवायचा पंखा, टेबलावरचा ‘मिनी एसी’, लसूण बारीक करणारं वाटीएवढं मशीन, आपोआप ढवळणारा कप. अशा वस्तू घ्याव्यात की घेऊ नयेत, या वादात मी पडत नाही. घ्या. पाचशे-सातशे रुपयांत घरात चार दिवस हसणं-खेळणं होत असेल तर बिघडलं कुठे? फक्त हौस फिटल्यावर ती वस्तू रोज हातात येणार की माळ्यावर जाणार, हे परतीची मुदत संपायच्या आत कळायला हवं. त्यावर ‘रिव्ह्यू वाचा, तारे बघा’ हा सल्ला कृपा करून देऊ नका. पाच तारे देणाऱ्याने ते बॉक्स फोडल्या फोडल्या दिलेले असतात, आणि बरेचदा तो बंगळुरूच्या हवेत बसलेला असतो. नागपूरचा मे त्याने पाहिलेला नसतो.

घेण्याआधी

एकच गोष्ट बघा: परतीच्या अटीत ‘रिफंड’ लिहिलंय की नुसतं ‘रिप्लेसमेंट’. रिप्लेसमेंट म्हणजे नावडलेल्या वस्तूच्या जागी तीच नावडती वस्तू पुन्हा येणार. नागपूरच्या बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, फुटपाथवरून घेत असाल तर परतीचा विषयच नाही. तिथे समोर चालवून घ्या, भाव पाडा आणि पैसे गेले असं धरून चाला. ‘भाऊ, एसीच हाय हे, फक्त छोटा हाय’ असं दुकानदार म्हणाला तर हसून पुढे व्हा.

काही वस्तू मात्र तपासायच्याही लायकीच्या नाहीत. अल्ट्रासोनिक आवाजाने डास पळवणारं यंत्र त्यातलं पहिलं. या आवाजाने डास चावायचे थांबतात असं अभ्यासांत आढळलेलं नाही. प्लगमध्ये लावून वीजबिल कमी करणारा डबा दुसरा. त्यात बहुधा एक कपॅसिटर आणि एक हिरवा दिवा असतो. आपलं घरगुती मीटर प्रत्यक्ष वापरलेल्या विजेचे युनिट मोजतं, आणि कपॅसिटरने ते युनिट कमी होत नाहीत. दिव्याची वीज तेवढी जास्तीची जाते. मोबाइलच्या पाठीला लावायचं ‘रेडिएशन’ स्टिकर तिसरं. त्यावर एक वाक्यही खर्चत नाही.

बॉक्स उघडताना

सलग व्हिडिओ काढा, सिरियल नंबर त्यात दिसू द्या, खोका आणि थर्माकोल फेकू नका. झालं.

पहिलं चार्जिंग

लिथियम बॅटरीवर किंवा तिच्या खोक्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधा आणि ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये टाकून बघा. पॉवर बँकेला ही नोंदणी सक्तीची आहे. क्रमांक नसेल किंवा भलत्याच कंपनीचा निघाला, तर पुढची पायरी वाचू नका, वस्तू परत करा.

चार्जिंग सकाळी किंवा रात्री, फरशीवर, तुम्ही जागे असताना. या बॅटऱ्या साधारणपणे ४५ अंशांच्या वर चार्ज करू नयेत असं बनवणारेच सांगतात, आणि मेमधल्या आपल्या दुपारी वरच्या मजल्यावरची खोली आणि चार्जिंगची स्वतःची गरमी मिळून तो आकडा सहज गाठतात. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर तर असली वस्तू ठेवायचीच नाही.

खरी परीक्षा

इथे घोळ होतो, आणि मलाही हे नीट जमायला वेळ लागला. गॅझेट चालतं का हे सगळेच बघतात. बटण दाबलं, निळा दिवा लागला, गार वारा आला, ‘अरे वा!’ परीक्षा संपली. खरं विचारायचं ते हे: घरात आधीपासून जी वस्तू हेच काम करते, तिच्यापेक्षा हे बरं आहे का? प्रत्येक गॅझेटला घरात एक जुना प्रतिस्पर्धी असतो. मिनी एसीला टेबलफॅन आणि ओला टॉवेल, गळ्यातल्या पंख्याला ओला दुपट्टा, लसणाच्या मशीनला खलबत्ता. तो प्रतिस्पर्धी आधी ठरवून कागदावर लिहा. तो सुचत नसेल तर वस्तू निव्वळ शोभेची आहे. मग शोभेची म्हणून ठेवा, पण उपयोगाची म्हणून घरच्यांना पटवू नका.

मिनी एसीचंच उदाहरण घेतो, कारण सगळ्यात जास्त लोक यातच फसतात. आत एक छोटा पंखा, ओली होणारी कागदी किंवा कापडी ताटी (कूलरचं पॅड) आणि अर्ध्या लिटरच्या आसपासची टाकी. म्हणजे हा कूलर आहे, एसी नाही. यूएसबीवर पाच व्होल्ट, दोन अँपिअर धरले तर दहा वॅटवर चालणारी वस्तू. त्या दहा वॅटमध्ये एसीला लागणारा कॉम्प्रेसर बसत नाही.

दोन स्वस्त डिजिटल थर्मामीटर घ्या, आर्द्रता दाखवणारे. ते अर्धा तास शेजारी-शेजारी ठेवा आणि दोघांच्या आकड्यांत किती फरक पडतो ते टिपून ठेवा. ही पायरी कुणीच करत नाही. ३० मे २०२४ ला नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले आणि देशभर बातमी झाली. नंतर सेन्सर बिघडल्याचं हवामान खात्याने सांगितलं. नागपूरचा नोंदलेला उच्चांक २३ मे २०१३ चा, ४७.९ अंशांचा. सरकारी सेन्सर बिघडतो, तर तुमच्या तीनशे रुपयांच्या यंत्रावर डोळे मिटून विश्वास कशाला?

आता एक थर्मामीटर तुमचं डोकं जिथे असतं तिथे, दुसरा खोलीच्या लांबच्या कोपऱ्यात. मशीनच्या तोंडाशी धरायचा नाही. जाहिरातवाले तिथेच धरतात. दुपारी दोन ते चार ही वेळ. पहिला अर्धा तास मशीन बंद. दुसरा अर्धा तास मशीन चालू, पण टाकी रिकामी आणि ताटी कोरडी. तिसरा अर्धा तास पाणी भरून.

मधला कोरडा अर्धा तास गाळू नका, हे मी निक्षून सांगतो. अंगावर वारा आला की गार वाटतंच. घाम वाळतो, त्वचेला बरं वाटतं, आणि आपण श्रेय पाण्याला देतो. कोरड्या पंख्यानेही तेवढंच बरं वाटलं, तर तुम्ही टेबलफॅनचेच जास्त पैसे मोजले आहेत.

थर्मामीटरपेक्षाही खरं बोलतो तो स्वयंपाकघरातला वजनकाटा. मशीन पाण्यासकट काट्यावर ठेवा, दर तासाला वजन लिहा. जेवढे ग्रॅम कमी झाले तेवढं पाणी हवेत गेलं, आणि गारवा फक्त त्या गेलेल्या पाण्याचा असतो. एक लिटर पाणी उडायला साधारण ०.६७ युनिट उष्णता लागते (युनिट वीजबिलावरचंच, म्हणजे १००० वॅट-तास). समजा अर्धा लिटर पाच तासांत संपलं. म्हणजे मशीनने सरासरी जेमतेम ६७ वॅट उष्णता ओढली. निवांत बसलेला एक माणूस सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो. मशीनसमोर तुम्ही बसलात की तुमचीच गरमी त्याच्याच्याने आवरत नाही, खोलीचं नाव कशाला? एक टनाचा एसी सुमारे ३५०० वॅट उष्णता ओढतो. घरचा पत्र्याचा मोठा कूलर बादल्या-बादल्या पाणी का पितो, हेही यातूनच कळतं.

‘टाकीत बर्फ टाका’ हा सल्ला तर मला अजिबात सहन होत नाही. अर्धा किलो बर्फ वितळताना जेमतेम ०.०५ युनिट उष्णता घेतो. तेच अर्धा किलो पाणी उडालं तर सातपट काम होतं. शिवाय तो बर्फ ज्या फ्रिजने केला, त्याने आपली गरमी तुमच्याच घरात सोडलेली असते.

आणि ऋतू विसरू नका. थर्मामीटरच्या टोकाला ओलं सुती कापड गुंडाळा, त्यावर पंख्याचा वारा सोडा आणि आकडा खाली उतरून थांबेपर्यंत बघा. ओल्या ताटीतून वारा सोडणारं असलं साधं मशीन त्या आकड्याच्या खाली जाऊ शकत नाही. मेमध्ये ४५ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर तो २४ च्या आसपास येतो, म्हणजे वाव भरपूर. जुलैत ३० अंश आणि ८५ टक्के असताना तो २८ च्या जवळ येतो. वाव दोन अंशांचा, वर अंगाला चिकचिक फुकट. मेमध्ये पास झालेलं मशीन जुलैत नापास होणार, हे धरूनच किंमत ठरवा. खिडकी लावून चालवलंत तर मेमध्येही तासाभरात आर्द्रतेचा आकडा चढताना दिसेल. कूलरला खिडकी उघडी लागते, हे नागपूरकराला सांगायला नको. पण ‘एसी’ हे नाव वाचलं की आपण दारं-खिडक्या लावून बसतो.

गळ्यातल्या पंख्याला थर्मामीटर उपयोगाचा नाही. त्याची परीक्षा रस्त्यावर. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ४० अंशांच्या वर पंखा शरीर गार करण्याऐवजी तापवतो. आपल्याकडे मेची दुपार म्हणजे त्या रेषेच्या पलीकडचीच. म्हणून सकाळी नऊला घरातल्या घरात घालून ‘मस्त आहे’ म्हणू नका. ज्या वेळी तुम्ही खरोखर बाहेर पडता त्या वेळी, त्याच रस्त्याने जा: एक दिवस नुसता पंखा, एक दिवस नुसता ओला दुपट्टा, एक दिवस दोन्ही. मी सांगतो काय होईल. नुसत्या पंख्याने बर्डीच्या मेट्रो स्टेशनपासून बाजारापर्यंत जाताना कानाशी भट्टीचा झोत लागतो. ओल्या दुपट्ट्यावर तोच पंखा लावला की मान खरंच गार पडते, दुपट्टा वाळेपर्यंत. म्हणजे वस्तू वाईट नाही, ती एकटी अपुरी आहे. हे खोक्यावर कुणी छापत नाही. आणि चक्कर, मळमळ वाटली की प्रयोग तिथेच सोडून सावलीत या.

बॅटरीचे आकडे

१०,००० एमएएच (मिलिअँपिअर-तास, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) हा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो, म्हणजे ३७ वॅट-तास. बाहेर ५ व्होल्टने वीज काढली की कागदावर ७,४०० उरतात, आणि मधली गळती धरून हातात सहा हजारांच्या आसपास पडतात. ही फसवणूक नाही. बारीक अक्षरात ‘रेटेड कपॅसिटी’ म्हणून बहुतेक जण छापतात. फसवणूक ‘१६ तास चालतो’मध्ये असते. ४,००० एमएएचचा गळ्यातला पंखा म्हणजे जवळपास १५ वॅट-तास. पूर्ण वेगाला तो पाच वॅट ओढत असेल तर तीन तासांत झोपणार. सोळा तास सगळ्यात मंद वेगाचे, आणि त्या वेगाने मेमध्ये माशीही हलत नाही. पूर्ण चार्ज करा, सगळ्यात वरच्या वेगावर लावा, घड्याळ बघा. यूएसबी मीटर असेल तर उत्तम, नसला तरी अडत नाही.

धुण्याचा वेळ

स्वयंपाकघरातल्या वस्तूंची वेळ बटण दाबल्यापासून मोजायची नाही. ड्रॉवरमधून काढल्यापासून धुऊन परत ड्रॉवरमध्ये जाईपर्यंत मोजायची. चार पाकळ्या लसणासाठी मशीन खलबत्त्याकडून साफ हरतं, कारण पात्याखालचा लसूण काढायलाच जास्त वेळ जातो. सावजी रश्श्यासाठी किलोभर कांदा आणि मूठभर लसूण असेल तर मशीन जिंकतं. पाहुणे किती वेळा येतात ते तुम्हाला माहीत. संत्रं सोलायच्या अंगठीची तर कमाल आहे: आपल्या नागपुरी संत्र्याची साल इतकी सैल की नखानेच निघते. ती अंगठी मोसंबीसाठी ठेवा.

पाण्याच्या वस्तूत आठवडाभराने ताटीचा वास घ्या. आमच्याकडे बोअरच्या पाण्याने ताटीवर पांढरा थर लवकर चढतो. नवी ताटी वेगळी मिळते का, कितीला मिळते, हे आताच बघा. मिळत नसेल तर वस्तूचं आयुष्य एक उन्हाळा. आठवड्यातून एकदा टाकी कोरडी करायचीच, डेंग्यूच्या डासाला तेवढं पाणी पुष्कळ.

परत करताना

मुदतीच्या शेवटच्या दिवसाची वाट बघू नका. त्या दिवशी अ‍ॅप हमखास अडतं. टाकी पूर्ण वाळवा, नाहीतर ‘वापरलेली वस्तू’ म्हणून माणूस दारातून परत जाईल. कारण लिहिताना ‘आवडलं नाही’ लिहू नका, मोजलेला आकडा लिहा: ‘१६ तासांचा दावा, पूर्ण वेगाला ३ तास’. माणूस वस्तू घेऊन गेला की पावतीचा स्क्रीनशॉट ठेवा. दावा खोटा निघूनही पैसे देत नसतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा, आणि तोच व्हिडिओ, तेच आकडे सोबत जोडा. बॅटरी फुगलेली असेल तर मात्र ती पॅक करून कुरिअरला देऊ नका. आधी विक्रेत्याला फोटो पाठवा, लेखी उत्तर घ्या, आणि तोवर ती गॅलरीत, सावलीत, पेट घेणाऱ्या वस्तूंपासून लांब ठेवा.