पैसे बुडवून परागंदा झालेल्याचा शोध: या चुका टाळा

धंद्यातली थकबाकी न फेडता एखादा माणूस फोन बंद करून नाहीसा झाला, की बहुतेक जण थेट डिटेक्टिव्हकडे धाव घेतात. हातात बाउन्स झालेला चेक असेल तर तिथेच पहिली घोडचूक होते, कारण माणूस शोधण्याच्या नादात मुदत उलटून जाते. बँकेकडून चेक परत आल्याचं कळल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस जायलाच हवी. ती पाठवायला माणूस सापडलेला असण्याची गरज नाही. शेवटच्या माहीत असलेल्या बरोबर पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पाठवलेली नोटीस पोचली असंच कायदा धरून चालतो. सर्वोच्च न्यायालयाने 2007 साली हे स्पष्ट केलं आहे. आधी नोटीस, मग शोध.

"दोन दिवसांत लोकेशन आणि कॉल डिटेल्स काढून देतो" म्हणणाऱ्याला एक रुपयाही आगाऊ देऊ नका. सीडीआर, म्हणजे कोणी कोणाला कधी फोन केला याची कंपनीकडची नोंद, मागवण्याचा अधिकार तपास यंत्रणांना आहे, खासगी माणसाला नाही. 2018 मध्ये ठाणे पोलिसांनी सीडीआर विकणाऱ्यांना पकडलं तेव्हा अटक झालेल्यांत खासगी गुप्तहेरही होते. अशी माहिती विकत घेणाराही गोत्यात येऊ शकतो. खासगी गुप्तहेरांच्या व्यवसायाला परवाना देण्यासाठी 2007 मध्ये विधेयक आलं, पण कायदा झालाच नाही. त्यामुळे ऑफिसच्या पाटीवर विसंबू नका. कोणत्या मार्गाने शोधणार, हे लिहून मागा.

चांगला गुप्तहेर बराच वेळ कागदांत घालवतो, आणि यातलं पुष्कळसं तुम्हालाही करता येतं. माणूस सिमकार्ड बदलतो, शहर बदलतो. गावची जमीन मात्र सहसा सुटत नाही. सातबारा आणि त्यावरचे फेरफार बघा. नुकतीच विक्री झाली असेल तर इंडेक्स टूमध्ये, म्हणजे नोंदणी झालेल्या व्यवहाराच्या गोषवाऱ्यात, दोन्ही पक्षांची नावं आणि पत्ते असतात. ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या वेबसाइटवर पक्षकाराच्या नावाने शोधा. बुडवणाऱ्याने बहुधा आणखी कोणाला तरी बुडवलेलं असतं, आणि त्या खटल्यात नवा पत्ता मिळू शकतो. तो कंपनीचा संचालक असेल तर कंपनी निबंधकाकडची नोंद तपासा. इथे एक बारीक चूक सर्रास होते: नाव एकाच स्पेलिंगने शोधून "काही नाही" म्हणून सोडून देणं. वडिलांच्या नावासह आणि नावाशिवाय, आडनाव समजा चौधरी असेल तर त्याचं स्पेलिंग चार तऱ्हेने, असं सगळं करून पाहा.

फेसबुकवर "हा ठग दिसल्यास कळवा" असं फोटोसह टाकू नका. तो सावध होतो आणि तुमच्यावरच बदनामीची तक्रार येऊ शकते.

गुप्तहेराशी खोटं बोलू नका. घर सोडून गेलेल्या बायकोचा किंवा मुलीचा पत्ता काढायला "पैसे अडकलेत" अशी बतावणी करणारे असतात, आणि त्यात एखाद्या बाईचा जीव धोक्यात येतो. सज्ञान व्यक्ती स्वतःच्या मर्जीने गेली असेल, तर तिच्या संमतीशिवाय पत्ता कोणालाही देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

पत्ता हाती आला की चार माणसं घेऊन दारात जाऊ नका. तो वकिलाकडे द्या. दिवाणी दाव्यात समोरचा समन्स टाळतोय याची कोर्टाला खात्री पटली, तर समन्स घराच्या दारावर लावण्याचा किंवा वर्तमानपत्रात छापण्याचा आदेश मिळू शकतो.